अकरा महिन्यांची दिल्ली

“मॅडम, हसबंड साथ नहीं रहेंगे?”

दिल्लीतल्या पहिल्या नऊ दिवसांत हा प्रश्न मी किती जिन्यांत उभी राहून ऐकला, ते आता आठवत नाही. घरं बारा पाहिली. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याला छत्रपती संभाजीनगर सोडता येत नव्हतं. बदली माझी झाली होती. त्यामुळे मे २०२४ मध्ये मी, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशी तिघं सचखंड एक्सप्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्ली स्टेशनवर उतरलो. वाटेत गाडीत लंगरचं जेवण मिळालं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं आणि म्हणाल्या, “शकुन चांगला झाला.”

सरकारी क्वार्टरची प्रतीक्षा यादी लांब होती आणि विश्रामगृहाची खोली दहाच दिवस मिळणार होती. तेवढ्यात घर शोधायचं होतं.

नवीन येणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते. आपल्याकडे सोसायटी असते, वॉचमन असतो, सेक्रेटरी असतो. दक्षिण दिल्लीतल्या जुन्या वसाहतींमध्ये तसं नाही. तिथे एकेका प्लॉटवर चार मजले उभे असतात, प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा, आणि त्याला ‘बिल्डर फ्लोर’ म्हणतात. दलालाला तिथे ‘डीलर’ म्हणायचं. तुम्ही किती खोल्या हव्यात ते सांगता, तो आधी मजला विचारतो. तळमजला अंधारा आणि ओलसर, पहिला सगळ्यात महाग. तिसरा स्वस्त, पण मे महिन्यात दुपारी त्या घराच्या भिंतीला हात लावून बघा, म्हणजे तो स्वस्त का ते कळतं. डीलरची दलाली पंधरा दिवसांचं भाडं. डिपॉझिटला ‘सिक्युरिटी’ म्हणतात आणि ती एक-दोन महिन्यांचीच असते, हे मात्र मला आवडलं.

सगळ्यात महत्त्वाचं, विजेचं मीटर स्वतंत्र आहे का ते आधी विचारा. दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंतचं बिल शून्य येतं. पण अनेक घरांत भाडेकरूला सब-मीटर लावलेलं असतं आणि मालक युनिटमागे ठरावीक रुपये घेतो. मी पाहिलेल्या बारापैकी पाच घरांत हा प्रकार होता. एका ठिकाणी तर नऊ रुपये सांगितले.

दोन दारं आमच्या जेवणामुळे बंद झाली. आम्ही रविवारी मटण करतो, हे मी लपवलं नाही. “अंडा-वंडा ठीक है, नॉनवेज नहीं चलेगा.” माझ्याच आठवड्यात रुजू झालेल्या एका मुसलमान सहकाऱ्याला जेवणाचं कुणी विचारलंही नाही. फोनवर त्याचं पूर्ण नाव ऐकलं की घर ‘अभी-अभी उठ गया’ असायचं. त्याने जवळजवळ दीड महिना शोधलं. हे आपल्या शहरांत होत नाही असं मी म्हणणार नाही. पण देशाच्या राजधानीत, संसदेपासून दहा किलोमीटरवर, ते इतक्या सहज आवाजात बोललं जातं, याचा मला फार त्रास झाला आणि अजून होतो.

शेवटी मालवीय नगरमध्ये दुसरा मजला मिळाला, भाडं २७ हजार. घरमालकीण तळमजल्यावर राहते, सत्तरीची. तिचे सासरे फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आले होते. मालवीय नगर ही मुळात निर्वासितांचीच वसाहत. आंटींनी नवऱ्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, “पाणी सुबह पाँच बजे आता है. मोटर चलानी पड़ती है. उठ जाओगी?” मी हो म्हटलं, आणि घर ठरलं.

करारनाम्याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे ‘लिव्ह अँड लायसन्स’ कितीही मुदतीचं असलं तरी नोंदणी करावीच लागते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. इथे बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात १०० रुपयांच्या ई-स्टॅम्पवर मजकूर छापला, शेजारी बसलेल्या नोटरीने शिक्का मारला, पंचवीस मिनिटांत काम संपलं. मुदत अकरा महिने. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार १९०८ च्या नोंदणी कायद्यात येतो, म्हणून अकरा. १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५. पोलीस पडताळणी मात्र सोडू नका. फॉर्म, फोटो, आधार आणि गावचा पत्ता ठाण्यात देऊन पोच घ्यायची. ते काम मालकाचं असतं, पण आंटींच्या गुडघ्यांमुळे मीच दोन चकरा मारल्या.

सामान लावत होतो त्याच आठवड्यात, २९ मेला, दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश तापमान नोंदलं गेलं. गेल्या ७९ वर्षांतला तो उच्चांक होता. मराठवाड्याची माणसं आम्ही, उन्हाची सवय आहे असं वाटत होतं. पण आपल्याकडे रात्री वारा सुटतो, दिल्लीत रात्रही भाजत होती. नळाचं पाणी टाकीतून गरमच यायचं, आणि जूनच्या मध्यात तेही येईनासं झालं. शहरभर टँकरमागे रांगा होत्या. आम्हाला पाच वाजता वीस मिनिटं मिळायचं. मी आणि आंटी दोघी अंधारात मोटरपाशी उभ्या राहायचो, आणि आमची ओळख खरी तिथेच झाली. मग २८ जूनला चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस पडला. महिनाभर कोरडी असलेली गल्ली एका सकाळीत गुडघाभर पाण्यात गेली. या शहरात काहीही बेताने येत नाही, असं मी त्या दिवशी नवऱ्याला फोनवर सांगितल्याचं आठवतं.

मला दिल्ली पहिल्यांदा आवडली ती मेट्रोमुळे. मालवीय नगर ते केंद्रीय सचिवालय, पिवळी लाइन, मध्ये बदल नाही. पहिला डबा बायकांचा. सकाळी त्या डब्यात कुणी पोळीचा रोल खात असते, कुणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाचत असते, कुणी खांबाला टेकून उभ्याउभ्या झोपलेली असते. संभाजीनगरात मी पंधरा वर्षं स्कूटी चालवली. खड्डे, ट्रक, पदर-ओढणी सांभाळत कामावर पोचायचं म्हणजे अंगात रोज एक ताण असायचा. तो इथे सुटला. बसमध्ये तेव्हा बायकांना गुलाबी तिकीट मिळायचं, म्हणजे प्रवास फुकट. सासूबाईंनी त्याचा जेवढा उपयोग केला तेवढा मीही केला नाही. मराठीशिवाय दुसरी भाषा न बोललेल्या माझ्या सासूबाई सप्टेंबरपर्यंत एकट्या बसने जाऊन लाजपत नगरहून मुलाच्या गणवेशाची बटणं आणत होत्या. साठ वर्षांच्या आयुष्यात असं एकटीने, कुणाला न विचारता, पैशाचा हिशोब न देता फिरणं त्यांना प्रथमच मिळालं होतं. दिल्लीबद्दल कुणी वाईट बोललं की त्या अजूनही आधी ते गुलाबी तिकीट काढून दाखवतात.

रात्री मात्र मी मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंतची सात मिनिटं फोनवर नवऱ्याशी बोलत चालते. हे मला आवडत नाही. पण अकरा महिन्यांत एकदाही मी ते टाळू शकले नाही.

भाषेचंही दोन्हीकडून झालं. गाडीला गाडी घासली की पहिल्या वाक्यातच ‘तू’ येतं, आणि आवाज असा चढतो की वाटतं आता हातघाई होणार. बहुतेक वेळा होत नाही. दुसरीकडे भाजीवाला न मागता कोथिंबीर-मिरची पिशवीत टाकतो आणि म्हणतो, “माताजी के लिए.” ऑक्टोबरात मी त्याच्याकडे सीताफळ मागितलं. त्याने भलामोठा लाल भोपळा उचलला आणि सुरी लावायला घेतली. दिल्लीत सीताफळ म्हणजे लाल भोपळा! आपलं सीताफळ इथे ‘शरीफा’, आणि ते कागदात गुंडाळून सफरचंदाच्या वर ठेवतात. दौलताबादच्या डोंगरात पाटीने सीताफळं विकणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. त्या दिवशी मला घराची जी आठवण आली तशी नंतर आली नाही.

दौलताबादचं नाव निघालंच आहे, तर हे सांगते. आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ बेगमपूरमध्ये विजय मंडल नावाचा एक पडका बुरूज आहे. फारसं कुणी जात नाही तिथे. तो मुहम्मद बिन तुघलकाच्या राजवाड्याचा अवशेष. याच सुलतानाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. आम्ही शाळेत ही गोष्ट वेडेपणाची म्हणून शिकलो. शाळेची सहल किल्ल्यावर जायची, अंधारीत ओरडायचो, खाली उतरून पेरू खायचो. आता मी त्याच्या दिल्लीतल्या दाराशी राहते. पहिल्यांदा बुरुजावर चढले तेव्हा एकच विचार मनात आला. हुकूम निघाला तेव्हा इथली एखादी बाई लेकराला काखेत घेऊन, म्हाताऱ्या सासूला बैलगाडीत बसवून आमच्या गावाकडे निघाली असेल. तिला तिथलं पाणी कसं लागलं असेल? बदली ही काही आजची गोष्ट नाही. आणि दिल्ली हे माणसं हलवणारं गाव आहे. १९११ मध्ये कलकत्त्याहून राजधानी इथे आणल्याची घोषणा झाली तेव्हाही कारकुनांची बिऱ्हाडं अशीच आली असतील.

विजय मंडलवरून आणि आमच्या गच्चीवरूनही कुतुबमिनार दिसतो. मुलाला ते फार आवडलं होतं. शाळेत जाण्याआधी तो गच्चीवर जाऊन बघून यायचा. ऑक्टोबरच्या शेवटी एक दिवस खाली येऊन म्हणाला, “आई, आज कुतुब नाहीये.”

मला वाटलं धुकं असेल. पण धुक्याला वास नसतो. या हवेला जळक्या कचऱ्याचा वास होता आणि जिभेवर धातूसारखी चव येत होती. दिवाळीनंतर मुलाचा खोकला सुरू झाला. आधी रात्री, मग दिवसाही. डॉक्टरांनी छाती तपासली, वाफेचं औषध दिलं आणि विचारलं, “दिल्लीत पहिला हिवाळा का?” इतक्या शांतपणे विचारलं की मला तिथेच रडू आलं. त्यांच्या बाकावर माझ्या मुलाच्या वयाची आणखी सहा मुलं बसली होती.

मग मी ते सगळं शिकले जे इथल्या प्रत्येक आईला पाठ असतं. फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप. त्यात आपल्या जवळचं केंद्र बघायचं, आमचं सिरीफोर्ट. हवेचा निर्देशांक २०० च्या आत असेल तर मुलाला खेळायला सोडायचं, ३०० च्या पुढे ‘अतिशय खराब’, ४०० च्या पुढे ‘गंभीर’. दारांच्या फटीत ओला टॉवेल. झाडू नाही, ओलं फडकं. उदबत्ती बंद, यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. हवा शुद्ध करणारं यंत्र अकरा हजारांचं घेतलं. पैसे पुरत नव्हते म्हणून ते एकाच खोलीत, आणि आम्ही तिघं त्या एका खोलीत. पंधरा दिवसांनी त्याचं फिल्टर उघडलं. पांढरं होतं ते राखाडी काळं झालं होतं. मुलगा म्हणाला, “हे माझ्या आत गेलं असतं?” मी त्याला म्हटलं, नाही, म्हणून तर यंत्र आहे. पण शाळेत यंत्र नव्हतं, बसमध्ये नव्हतं, माझ्या स्टेशनच्या रस्त्यावर नव्हतं.

१८ नोव्हेंबरला निर्देशांकाची दिवसाची सरासरी ४९४ झाली. मोजपट्टीच ५०० ला संपते. त्याच सकाळपासून सगळ्यात कडक, चौथ्या टप्प्याचे प्रदूषणविरोधी निर्बंध लागू झाले. शाळा ऑनलाइन, ट्रकना बंदी, बांधकामं बंद. आमच्या गल्लीत एक जुनं घर पाडून नवे चार मजले चढत होते. तिथले मजूर बुंदेलखंडातले, बायकामुलांसह त्याच अर्धवट इमारतीत राहायचे. काम थांबलं, मजुरी थांबली. ती माणसं दिवसभर त्याच हवेत बाहेर बसून असायची आणि रात्री थंडीसाठी फळ्या पेटवायची. मला धूर नको होता. पण त्यांच्याकडे दुसरं काय होतं? आंटींनी आणि मी दोन जुन्या रजया नेऊन दिल्या. त्यातली एक बाई मला म्हणाली, “दीदी, साँस तो ले लेंगे, काम कब खुलेगा?”

कारणं आता मला सगळी माहीत आहेत. पंजाब-हरियाणात भात कापल्यावर गव्हासाठी हातात थोडेच दिवस उरतात, म्हणून खुंट जाळले जातात. त्यात शहरातल्या गाड्या, धूळ, कारखाने. थंडीत वारा पडतो, गार हवा जमिनीलगत बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते, धूर वर जाऊच शकत नाही. शेतकऱ्याची मुलगी म्हणून सांगते, सगळा दोष खुंटांवर टाकणं मला पटत नाही. खुंट जळणं नोव्हेंबर संपता संपता थांबतं. हवा जानेवारीतही वाईटच होती.

आणि तरीही मला दिल्लीत सगळ्यात जास्त आवडला तो हिवाळाच.

मला अजून हे नीट जुळवता आलेलं नाही. डिसेंबरच्या शेवटी कधी पश्चिमेचा वारा येतो, कधी एक सर पडते, आणि मग दोन-तीन दिवस आकाश धुतल्यासारखं निळं होतं. अशा दिवशी दुपारी दीड वाजता कर्तव्य पथाच्या हिरवळीवर जाऊन बघा. आसपासच्या सगळ्या भवनांमधून माणसं डबे घेऊन बाहेर आलेली असतात. शिपाई, सेक्शन ऑफिसर, सुरक्षारक्षक सगळे त्याच गवतावर उन्हाकडे पाठ करून बसतात. शेंगदाणे, संत्री, पत्त्यांचा डाव. जांभळाच्या झाडाखाली कुणी स्वेटर उशाला घेऊन पाच मिनिटं झोपतं. कचेरीत ज्यांच्यापुढे मी उभ्याने बोलते, त्यांनी मला तिथे संत्र्याची फोड दिली आहे. ऊन अंगावर घेणं ही काय चीज आहे, ते मराठवाड्यात कळायचं कारण नव्हतं; आम्ही जन्मभर उन्हापासून पळालो. रविवारी लोधी गार्डनमध्ये पाचशे वर्षांपूर्वीच्या कबरींना टेकून लोक पराठे खातात, पोरं क्रिकेट खेळतात, तिकीट नाही, कुणी उठवत नाही. लाल गाजरं, मटार, मुळा, गजक. बाजारात इतके रंग एकदम मी कधी पाहिले नव्हते. ज्या ऋतूत या शहराला बाहेर बसावंसं वाटतं, त्याच ऋतूत मी मुलाला आत कोंडून ठेवते. दिल्लीबद्दल माझं प्रेम आणि राग, दोन्ही याच एका गोष्टीत आहे.

फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, ९८ वं. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीत याआधीचं संमेलन १९५४ साली झालं होतं, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. आम्ही तिघं गेलो. गर्दीत चारी बाजूंनी मराठी ऐकू येत होतं आणि मुलगा बावचळून गेला. वर्षभर त्याच्यासाठी मराठी ही फक्त घराच्या आतली भाषा झाली होती. पुस्तकांच्या दालनात परभणीहून आलेल्या एका बाईंनी सासूबाईंना विचारलं, “दिल्लीत करमतं का हो?” सासूबाई म्हणाल्या, “इथं मला कोणी ओळखत नाही, म्हणून करमतं.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं एकाच गल्लीत सून, सासू, विहीण म्हणून वावरलेल्या बाईचं ते वाक्य होतं.

मार्चमध्ये सावरीला लाल फुलं आली, खोकला थांबला, कुतुब रोज दिसू लागला. एप्रिलमध्ये आंटींनी खाली बोलावून घेतलं. “बेटा, ग्यारह महीने हो गए. दस परसेंट बढ़ता है, पता है ना?” दहा टक्के म्हणजे २९,७००. चहा झाला, २९ हजारांवर ठरलं.

त्याच आठवड्यात कचेरीत बदलीच्या विनंतीचे फॉर्म निघाले होते. पसंतीच्या ठिकाणासाठी तीन रकाने. नवरा म्हणाला, भरून टाक. मी तो फॉर्म चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी आम्ही घरात बसून असं ठरवलं: या वर्षी राहायचं, पण दिवाळीला गेल्यावर मुलगा आणि सासूबाई नोव्हेंबर संपेपर्यंत संभाजीनगरलाच थांबतील. शाळेला अर्ज देऊ, अभ्यास नवरा घेईल. मी भाऊबीजेनंतर एकटी परत येईन.

सासूबाई गव्हाच्या पिठात ज्वारीचं पीठ मिसळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “आम्ही दोघं राहू तिकडं. पण तू? श्वास काय आम्हीच घेतो?”

मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी नव्या करारावर सही केली. १ मे २०२५ ते ३१ मार्च २०२६.